हंगामी फुलझाडांची परीक्षा

आयुष्याची चौतीस वर्षे आम्ही मुलांच्या परीक्षा घेण्यात घालविली. शाळेतून निवृत्त झालो, परंतु परीक्षा घेण्याची खोड काही निवृत्त झाली नाही. ती मुलांवरून उतरली आणि परसातील फुलझाडांवर जाऊन बसली. गेली तीन वर्षे शेवगावी, आमच्या घरामागील दीड गुंठा जागेत, आम्ही झेंडू, ॲस्टर, झिनिया, गलांडा, तेरडा इत्यादी फुलझाडांच्या निरनिराळ्या वाणांची तुलना करीत आहोत. तिची हकिकत वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. तीत परीक्षार्थींचे गुणदोष येतीलच, पण परीक्षकाचेही येतील. आणि तेच थोडे अधिक असल्यास वाचकांनी आश्चर्य मानू नये.

हंगामी फुलझाडे म्हणजे बीपासून उगवून, फुलून, पुन्हा बी धरून वर्षाच्या आत आपली यात्रा संपविणारी झाडे. मोगरा किंवा गुलाब लावताना निवड चुकली तर ती चूक दहा वर्षे अंगणात उभी राहते. हंगामी झाडांचे तसे नाही. यंदा फसलो तर पुढील मृगात नवा डाव मांडता येतो. म्हणूनच अमुक वाण चांगला की तमुक, हा प्रश्न या झाडांच्या बाबतीत खऱ्या अर्थाने विचारता येतो आणि त्याचे उत्तरही याच जन्मी मिळण्याचा संभव असतो.

आमच्याकडे हा प्रश्न हौसेपुरता राहिला नाही, याचे कारण पाणी. शेवगाव तालुक्यास निसर्गाने काळी भारी जमीन दिली, पण पाऊस हात राखून दिला. नाथसागराचा फुगवटा तालुक्याच्या सीमेला येऊन भिडला आहे. तथापि त्या पाण्याचा आमच्या परसातील आडाशी काही ऋणानुबंध नाही. चैत्र लागला की आडाचा तळ दिसू लागतो. अशा घरात सकाळी झारी घेऊन वाफ्याकडे निघालेल्या माणसास स्वयंपाकघरातून "इतके पाणी फुलांना कशाला?" असे विचारले गेले, तर तो प्रश्न अरसिकपणाचा म्हणता येत नाही. त्याचे उत्तर द्यावयाचे, तर कोणते फूल किती पाण्यात किती दिवस काय देते, हे सांगता आले पाहिजे. ते आम्हांस सांगता येईना.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. संस्कृताचा थोडा व्यासंग असल्यामुळे आमची अशी समजूत होती की, देवपूजेत आणि दसऱ्याच्या तोरणात इतका मुरलेला झेंडू पुरातन काळापासून आपलाच असला पाहिजे. परंतु कालिदासाच्या काव्यांत कुंद, लोध्र, शिरीष, कुरबक, कर्णिकार ही फुले भेटतात; झेंडू कोठेही भेटत नाही. भेटणार तरी कसा? तो मूळचा मेक्सिकोकडचा. युरोपीयांच्या गलबतांबरोबर समुद्र ओलांडून आला आणि इतका घरचा झाला की, त्याच्यावाचून आपला दसरा होत नाही. त्याच्या मोठ्या जातीला इंग्रजीत 'आफ्रिकन' म्हणतात, तेही चुकीचेच. झिनिया मेक्सिकोचा, कॉसमॉसही तेथलाच, गलांडा अमेरिकेचा, ॲस्टर चीनचा. आमच्या वाफ्यातील मंडळींत खरा या भूमीचा रहिवासी एकच, आणि तो म्हणजे तेरडा. त्याचा रंग तीन दिवस म्हणून आपण त्यालाच नावे ठेवीत आलो!

आमच्या घरी झेंडूचा एक जुना वाण आहे. आमच्या मातोश्रींनी तो धरला व पुढे थोरल्या वहिनींच्या स्वाधीन केला. झाड अडीच फुटांवर जात नाही. फूल लहान, अर्धवट दुहेरी, पाकळीचा रंग तांबूस नारिंगी व कडा किंचित पिवळी. वास मात्र असा उग्र की, फूल खुडलेल्या हाताला तो संध्याकाळपर्यंत सोडत नाही. घरात त्यास नाव नाही, 'घरचा झेंडू' इतकेच. त्याचे बी दरवर्षी वहिनी एका फडक्याच्या पुरचुंडीत कडुनिंबाच्या पाल्यासह बांधून कोठीच्या खुंटीला टांगून ठेवीत. आम्ही २०२३ साली जाहीर केले की, आता या परसात पाणी पिण्याचा हक्क ज्याने त्याने सिद्ध करावयाचा. घरच्या झेंडूसही सवलत नाही. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुरचुंडी खुंटीवरून काढून आमच्या हाती दिली. आम्ही ती सगळीच्या सगळी पेरली. ही आमची पहिली चूक. परंतु तिचा उलगडा होण्यास एक वर्ष लागले.

त्या वर्षी पाऊस जून संपता संपता आला. आम्ही गादीवाफ्यावर झेंडूचे सहा वाण टाकले: घरचा, दुकानातून आणलेले दोन संकरित वाण, एक नारिंगी व एक पिवळा, दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने काढलेले 'पुसा नारंगी गेंदा' व 'पुसा बसंती गेंदा', आणि ठेंगणा मखमल, ज्यास काही ठिकाणी गुलजाफरी म्हणतात. महिन्याने रोपे दीड-दीड फुटावर लावली, पुढे शेंडे खुडले, आणि वही घालून बसलो. मग ऑगस्ट आला आणि पाऊस गेला. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, हे पुढे वाचले. परसात ते आधीच दिसत होते. जमिनीला बोट जाईल अशा भेगा पडल्या. तशातही संकरित नारिंगीने असा बहर धरला की, येणारा-जाणारा थबकून पाही. घरचा झेंडू वीतभर खुरटून गेला. पुसा नारंगीला दसऱ्यास, म्हणजे २४ ऑक्टोबरला, नुसत्या कळ्या होत्या; तो फुलला दिवाळीस. आम्ही वहीत गुण मांडले आणि रात्री जेवताना निकाल वाचून दाखविला. संकरित नारिंगी पहिला, घरचा झेंडू अनुत्तीर्ण.

वहिनींनी ताकाचे भांडे खाली ठेवले व म्हणाल्या, "भाऊजी, मोरीचे पाणी कोणत्या वाफ्याला जाते?"

मोरीचे पाणी संकरित नारिंगीच्या वाफ्याला जात होते. नवे, दाम मोजून आणलेले बी म्हणून आम्ही नकळत त्यास उत्तम जागा दिली होती. आणि घरचा झेंडू काय, कोठेही येतो, म्हणून त्याला भिंतीकडेची मुरमाड पट्टी. झाऱ्या मोजून समान घातल्या होत्या, हे खरे. पण भांड्यांचे विसळवण कोणी मोजले होते? ज्या परीक्षकाने आयुष्यभर मुलांना निःपक्षपातीपणाचे धडे दिले, त्याने एका विद्यार्थ्यास प्रश्नपत्रिका आधी दाखविण्यासारखाच हा प्रकार होता. आम्ही वहीचे ते पान फाडले नाही, आडवी रेघ मारून ठेवले.

ही चूक आमच्या एकट्याची नव्हे, याचा शोध घेताना थोडे समाधान मिळाले. शेतीच्या प्रयोगांत जमिनीचा एक कोपरा दुसऱ्यासारखा कधीच नसतो. मग वाण चांगला की जागा चांगली, हे कसे ओळखावे? इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे काम करणाऱ्या फिशर नावाच्या गणितज्ञाने या प्रश्नाचा उलगडा केला आणि १९३५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याचे मर्म सोपे आहे. प्रत्येक वाण एकाच ठिकाणी न लावता अनेक ठिकाणी लावावा, आणि कोणत्या ठिकाणी कोणता, हे आपण न ठरविता चिठ्ठ्या टाकून ठरवावे. म्हणजे आपली आवड, आपला आळस आणि मोरीचे पाणी ही सर्वांना सारखीच वाटली जातात. आपल्याकडे हे शास्त्र शेतकी खात्यातील कार्यकर्त्यांना समजावून देणारा जो प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १९५४ साली निघाला, त्याचे कर्ते पानसे व सुखात्मे हे दोघे. आणि त्या दोघांतील सुखात्मे तर आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. फुलझाडांच्या बाबतीत अमेरिकेतील मंडळींनी १९३२ पासून एक पद्धत चालविली आहे. नवा वाण निघाला की, तो निरनिराळ्या हवामानाच्या ठिकाणी त्याच्या जातीच्या उत्तम जुन्या वाणाशेजारी पेरावयाचा, आणि जुन्याहून सरस ठरला तरच गौरवावयाचा. जुन्या शेजारी पेरावयाचा, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटली. पाकिटावरील चित्र हे कोणाच्याही शेजारी पेरलेले नसते!

२०२४ साली अठरा चिठ्ठ्या केल्या. सहा वाण, प्रत्येकाची तीन ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी चार रोपे. चिठ्ठ्या आमच्या नातीने काढल्या. ती सात वर्षांची असल्याने तिच्यावर पक्षपाताचा आरोप येण्यासारखा नव्हता. मोरीचे पाणी केळीकडे वळविले. शिवाय काय मोजावयाचे, हे पेरणीपूर्वीच घरातील सर्वांच्या विचाराने ठरविले, कारण त्यावाचून 'चांगला' या शब्दास अर्थच नाही. आम्ही म्हणत होतो, फुलाचा आकार. सूनबाई म्हणाल्या, आकाराचे काय करावयाचे आहे? ओवताना पाकळ्या सुटू नयेत आणि हार दुसऱ्या दिवशी काळवंडू नये. वहिनींचे म्हणणे, वास हवा. बिनवासाचे फूल देवाला कागदासारखे लागते. चिरंजीवांनी पाण्याच्या झाऱ्या मांडा असे सुचविले. शेवटी सर्वच मांडले. आणि सर्वांत वर एक रकाना केला: दसऱ्यास हजर की गैरहजर.

या रकान्याने आम्हांस पंचांग आणि बागकाम यांचे नाते शिकविले. दसरा चंद्रावर चालतो, झाड सूर्यावर. २०२३ साली अधिक श्रावण असल्याने दसरा २४ ऑक्टोबरला गेला. २०२४ साली तो १२ ऑक्टोबरला आला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला. तीन वर्षांत बावीस दिवसांचा फरक! पुसा नारंगीला पेरणीपासून फुलावर येण्यास सुमारे १२५ ते १३५ दिवस लागतात, बसंतीला आणखी आठवडाभर. म्हणजे आधीच्या वर्षी तो दसऱ्यास गैरहजर राहिला, यात त्याचा दोष नव्हता. जूनअखेर पेरून ऑक्टोबरात फुले मागणाऱ्याचा होता. आम्ही दसऱ्याच्या तारखेपासून मागे दिवस मोजीत गेलो आणि मे महिन्याच्या मध्यास, अंगणात गोणपाटाच्या सावलीखाली, दोन्ही पुसा वाणांची रोपे केली. संकरित वाण लावणीनंतर दीड-दोन महिन्यांतच फुलू लागतात, म्हणून त्यांची पेरणी जूनअखेर. वाचकांपैकी ज्यांना सणासाठीच फुले हवीत त्यांनी वाण निवडण्याआधी कॅलेंडर उघडावे. आमच्या मते निम्मी निराशा तेथेच टळते.

पाऊस त्या वर्षी उत्तम झाला. निकाल असा लागला: आकार, फुलांचा एकसारखेपणा आणि तोरणाची शोभा यांत संकरित नारिंगी निर्विवाद पहिला, आणि या वेळी मोरीच्या पाण्यावाचून. आम्ही मनातून सुखावलो, हे कबूल करतो. पुसा नारंगीचे फूल गच्च व रंगाने गहिरे, बहर अधिक काळ चालणारा. परंतु झाड उंच होत असल्याने काठीचा आधार मागते. बसंतीचा रंग गंधकासारखा फिका पिवळा. हारात नारिंगीच्या जोडीस फार खुलतो, एकटा थोडा उदास दिसतो. मखमल तोरणास निरुपयोगी, पण वाफ्याच्या कडेस त्याच्याइतके देखणे काही नाही आणि पाणीही बेताचे.

आणि घरचा झेंडू? तो उगवला, वाढला, आणि ऑगस्टच्या अखेरीस फुलू लागला तेव्हा आम्ही वाफ्यापाशी उभेच राहिलो. बारा झाडांपैकी पाचच घरच्यासारखी होती. बाकीची कमरेच्या वर गेलेली. एकाचे फूल पिवळे, दुसऱ्याचे दुहेरी, तिसऱ्याचा वास जवळजवळ नाहीसाच. वहिनी काठी टेकीत आल्या, एक फूल खुडून हुंगले व म्हणाल्या, "हे आपले नव्हे." त्या पुढे काही बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

झाले होते ते असे. झेंडूचे परागीभवन मधमाश्या करतात, आणि मधमाशीला वाफ्यांच्या सीमा ठाऊक नसतात. २०२३ साली सहा वाण शेजारी शेजारी लावून आम्ही वहीत गुण मांडीत असता, मधमाश्या सहाही वाणांची भेसळ करीत होत्या. त्या मिश्र वाफ्यातील घरच्या झेंडूचे बी आम्ही धरले, आणि मूळ पुरचुंडी तर आधीच रिकामी केली होती. तुलना करण्यासाठी ज्याला शेजारी आणून बसविले, त्याला तुलनेनेच संपविले. तीन-चार दिवस आम्हांस अन्न गोड लागले नाही. मातोश्रींच्या हातची आमच्या घरात राहिलेली सजीव वस्तू ती एकच होती.

ॲस्टरच्या बाबतीत हे भय बरेच कमी असते, कारण त्याचे फूल बहुतांशी आपल्याच परागाने बी धरते. दुकानातील संकरित बियांचा प्रकार आणखी निराळा. दोन निवडक शुद्ध वाणांच्या संयोगातून जी पहिली पिढी निघते, तिलाच एफ-१ म्हणतात. ती एकसारखी व जोमदार असते. पण तिचे बी धरून पेरले तर पुढील पिढीत आज्या-पणज्यांचे गुण वेगवेगळे होऊन बाहेर पडतात. मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ साली जो नियम प्रसिद्ध केला, तोच हा. म्हणून संकरित बी दरवर्षी विकतच घ्यावे लागते. यात फसवणूक नाही, परंतु पाकीट घेताना ही गोष्ट ध्यानात असावी. पुसा नारंगी, पुसा बसंती यांसारख्या सरळ वाणांचे बी मात्र, इतरांपासून दूर राखल्यास, घरी धरता येते.

दिवाळीस वहिनींची मुलगी पैठणहून माहेरी आली. फराळाच्या गप्पांत झेंडूची गोष्ट निघाली, तेव्हा ती सहज म्हणाली, "काका, पण आपला झेंडू माझ्या अंगणात आहेच की!" लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात वहिनींनी तिला मूठभर बी दिले होते, आणि तिच्याकडे दुसरा झेंडू कधी लावलाच गेला नव्हता. ती परत गेल्यावर आठ दिवसांत एका ओळखीच्या माणसाबरोबर पुरचुंडी आली. तसेच फडके, तीच गाठ. वहिनींनी ती आमच्या हाती दिली नाही, हे सांगावयास नको.

यापुढील पेरणी वहिनींच्या देखरेखीखाली झाली. दसऱ्याच्या हंगामात परसात सहा वाण असतात, म्हणून बियांसाठी घरचा झेंडू थंडीत लावावयाचा असे त्यांनी ठरविले. कार्तिकात रोपे टाकली, माघात बहर आला. त्या वेळी आमच्या परसात दुसरा झेंडू नव्हता. तरीही बियांसाठी राखलेल्या फुलांवर कळीपणीच मलमलीच्या पिशव्या बांधल्या, आणि ती उमलल्यावर दोन झाडांची फुले एकमेकांवर हलकेच घासली. बी कोणत्या फुलाचे धरावे, हेही येथेच कळले. बहुतेक घरी हंगामभर उत्तम फुले देवाला वाहतात आणि शेवटी जी खुरटी राहतात त्यांचे बी धरतात. म्हणजे दरवर्षी उशिरा फुलणाऱ्या व दुबळ्या झाडांचीच निवड होत जाते, आणि मग 'वाण बिघडला' म्हणून रडावयाचे! वहिनी पहिल्या बहरातील सर्वांत निकोप झाडे हेरून त्यांच्या खोडाला दोरा बांधतात, व त्या झाडांची पहिली फुले देवालाही देत नाहीत.

या रीतीने काय साधते, याचे एक उदाहरण फार बोलके आहे. अमेरिकेतील बर्पी या बीजविक्रेत्याने १९५४ साली जाहीर केले की, जो कोणी पांढऱ्या शुभ्र झेंडूचे बी पाठवील त्यास दहा हजार डॉलर देऊ. ते बक्षीस १९७५ साली देण्यात आले. आणि ते मिळाले आयोवा प्रांतातील सली गावच्या ॲलिस व्होंक या बाईंना. त्यांनी आपल्या बागेतील फिकट फुलांचे बी वर्षानुवर्षे निवडून धरले होते, इतकेच. आम्ही ही हकिकत वहिनींस वाचून दाखविली. त्यांनी विचारले, "पांढरा झेंडू घेऊन करावयाचे काय?"

झेंडूवर आमची लेखणी रेंगाळली, आता इतरांचे थोडक्यात सांगतो. ॲस्टरचे आपल्या जिल्ह्याशी नाते आहे, कारण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुण्यातील गणेशखिंड येथील केंद्रातून त्याचे 'फुले गणेश' मालिकेतील पांढरा, गुलाबी, जांभळा इत्यादी वाण निघाले आहेत. आम्ही त्यांतील गुलाबी व जांभळा, आणि बंगळुरूच्या संस्थेचे 'कामिनी' व 'पूर्णिमा' शेजारी शेजारी लावले. रंगात कामिनी गहिरी. पूर्णिमेचे पांढरे फूल कापसाच्या बोंडासारखे फुगीर. परंतु आमच्या भारी जमिनीत फुले गणेश पिंकची झाडे सर्वांत सारखी वाढली व फुलदाणीत फूलही अधिक दिवस राहिले. ॲस्टरचे दोन स्वभाव ध्यानात ठेवावेत. तो एकदम फुलतो आणि एकदम संपतो, म्हणून बी तीन आठवड्यांच्या अंतराने थोडे थोडे टाकावे. आणि त्याचे बी फार काळ जिवंत राहत नाही. आम्ही दोन वर्षांचे जुने पाकीट जपून पेरले, ते मातीतच राहिले. एकाच जागी पुन्हा पुन्हा लावल्यास मर रोग ठरलेला.

झिनियाची रोपे हलविण्यापेक्षा जागेवरच बी टाकावे. पावसाळ्यात रंगांची दिवाळी करतो, थंडी पडू लागली की पानांवर भुरी येते. अलीकडचे ठेंगणे संकरित प्रकार भुरीस पुष्कळ दाद देत नाहीत, हा अनुभव खरा आहे. कॉसमॉसला खत घालणे म्हणजे लाडाने मूल बिघडविणे. पाला माजतो, फूल येत नाही. पिटूनिया आणि फ्लॉक्स यांनी थंडीत कुंड्या नटतात, होळीपर्यंत संपतात. पुण्यास एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतील प्रदर्शनात ती पाहून आमच्याप्रमाणे भारावून जाऊ नये. तेथील कुंडी आणि शेवगावचे ऊन या दोन गोष्टी आहेत. स्वीट पीविषयी आम्ही बोलू इच्छीत नाही.

पाण्याच्या रकान्यात मात्र सर्वांवर ताण केली ती गलांड्याने. २०२३ च्या त्या कोरड्या ऑगस्टात त्याला आठवड्यातून एकदा झारी मिळाली, आणि तरी तो फुलत राहिला. पुढे चैत्रातील उन्हातही तो हटला नाही. फूल दिसावयास खेडवळ, वास नाही, म्हणून बागेच्या शौकिनांत त्याला मान नाही. आमच्या घरी आता भिंतीकडेची मुरमाड पट्टी कायमची त्याच्या नावे झाली आहे, आणि रोजच्या देवपूजेचा निम्मा भार तोच वाहतो.

२०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला, आणि सप्टेंबरात तर जिल्ह्याच्या पूर्व भागात व शेजारच्या मराठवाड्यात अतिवृष्टीने कहर केला. शेतांची, घरांची, गुराढोरांची जी हानी झाली तिच्यापुढे आमच्या वाफ्यांची कथा ती काय! तरी परीक्षा चालू होती म्हणून लिहितो. परसात दोन दिवस घोट्याएवढे पाणी उभे होते. ॲस्टर सर्व गेला. संकरित नारिंगीची भरगच्च फुले पाणी पिऊन जड झाली, देठ मोडले, आणि उरलेली आतून कुजली. पुसा नारंगी काठ्यांसकट आडवा झाला. तेरडा चिखलातही हसत होता. घरच्या झेंडूची बारापैकी नऊ झाडे उभी राहिली. ती बुटकी होती आणि फूल विरळ पाकळ्यांचे असल्याने त्यात पाणी साचत नव्हते, हेच त्याचे कारण दिसले. बाराही झाडांचा रंग-वास घरचाच होता, हे वहिनींनी स्वतः तपासले.

म्हणून तो पहिला आला, असे मात्र वहीत लिहिता आले नाही. २ ऑक्टोबरला दाराचे तोरण त्याच्याच फुलांचे झाले, परंतु फुले लहान असल्याने ओवणाऱ्यांस दुप्पट वेळ लागला आणि तोरण अर्धे भरून दोरा उघडा राहिला. उरलेल्या जागी आंब्याची पाने लावावी लागली. सूनबाईंनी स्पष्ट सांगितले की, पुढील वर्षी संकरित नारिंगीही हवाच. तिचे म्हणणे रास्त आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी त्याच्या तोडीचे आमच्याजवळ दुसरे काही नाही. फक्त त्याचा वाफा आता परसाच्या उंच बाजूस राहील, आणि बियांचा झेंडू त्याच्याबरोबर एका हंगामात कधीच लावला जाणार नाही.

गेल्या फाल्गुनात धरलेल्या बियांच्या वहिनींनी तीन पुरचुंड्या केल्या आहेत. एक पैठणला गेली, एक आमच्या पुण्याच्या मुलीने गच्चीतील कुंड्यांसाठी मागून घेतली. तिसरी कोठीच्या खुंटीला आहे, आणि यंदा तिच्यातील निम्मेच बी पेरावयाचे, असे आम्हांस बजावण्यात आले आहे.